आमचं काही नाही हो

कुत्रा घेऊन वाईत भाड्याचं घर शोधलंय कधी? मग हे काका तुम्हाला भेटलेलेच आहेत.

मी दीड महिना शोधत होतो. सोबत बंडू, जात गावठी, वजन 18 किलो. गणपती आळीतले काका म्हणाले, "आमचं काही नाही हो, पण आईचं सोवळं असतं." सिद्धनाथवाडीतल्या काकांचंही काही नव्हतं, पण खाली तान्हं बाळ होतं. एकांचं तर अजिबातच काही नव्हतं, त्यांच्या तुळशीला चालणार नव्हतं.

"खातो काय हा?"
"दूध-चपाती."
"आणि आपण?"

खरी चौकशी ही होती, बंडू नुसतं निमित्त. आडनाव तर दोनदा विचारायचे.

एकदा मी शहाणपणा केला. जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं छापून नेली. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, वगैरे. काकांनी चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचली. "छान लिहिलंय. पण ही सोसायटी नाही, माझं घर आहे." यावर काय बोलणार?

शेवटचे काका मेणवलीच्या रस्त्यावरचे. "आमचं काही नाही हो, पण हिला चालत नाही." आता 'हिची'च समजूत काढावी म्हणून दुसऱ्या दिवशी कंदी पेढे घेऊन गेलो. "काकूंच्या हातात देतो," म्हटलं. काकांनी भिंतीकडे पाहिलं. फोटोला चंदनाचा हार होता. धूळ नव्हती त्यावर.

पेढ्यांचा पुडा कुठे ठेवावा ते मला कळेना. तेवढ्यात बंडू कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीखाली जाऊन चक्क झोपला.

"तिची खुर्ची आहे ती," काका म्हणाले. उठवलं मात्र नाही त्याला.

11 महिन्यांचा करार रीतसर नोंदवला. 'कुत्र्याने रात्री जिन्यात भुंकू नये' हे कलम काकांनी आग्रहाने घालून घेतलं. बंडूच्या वतीने सही मी केली. तो रात्री जिन्यातच भुंकतो. काका सकाळी मला बोलतात आणि संध्याकाळी त्याला घाटावर फिरवून आणतात. येताना एक बिस्किटांचा पुडा. माझ्याशी बोलणं म्हणजे पाण्याची मोटार कधी बंद करायची, एवढंच.

परवा मागची खोली बघायला एक मुलगा आला होता. पिशवीत मांजर. मी जिन्यात थबकलो.

"आमचं काही नाही हो," काका खाली म्हणत होते, "पण बंडूला चालत नाही."