दीडपट वेगाचे प्राध्यापक

संगणकप्रणालीमुळे विद्यापीठीय व्याख्यान सुधारते की नाही याविषयी मतभेद असले, तरी व्याख्यात्याची छबी सुधारलीच पाहिजे, याविषयी प्राध्यापकवर्गात, ज्यात प्रस्तुत लेखकही मोडतो, कमालीचे एकमत आढळते. अभ्याससाहित्य, स्वाध्याय आणि चाचण्या एकत्र ठेवणारी ‘मूडल’ ही मुक्त प्रणाली ऑस्ट्रेलियात मार्टिन डूगियामस यांनी २००२ साली प्रसिद्ध केली, ती विद्यार्थ्यांनी परस्परांच्या साहाय्याने ज्ञान घडवावे या भूमिकेतून; आपल्याकडे तिच्यावर प्रथम चढल्या त्या पिवळ्या पडलेल्या नोट्सच्या पीडीएफ, कागद धरणाऱ्याच्या अंगठ्यासकट. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या २०१७च्या मंचाने चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वमूल्यमापन अशी चार अंगे सांगितली; त्यांपैकी पहिल्यातच तेवढा चेहरा दिसत असल्याने उरलेली तिन्ही पोरकी राहिली.

पॉवरपॉइंटची गोष्ट निराळी. १९८७ साली बाजारात आलेले हे सादरीकरणाचे साधन आता अक्षरांना पडद्यावर उडत, घरंगळत वा गिरक्या घेत आणते, आणि तेथेच विद्वत्तेचा कस लागतो. कार्ल मार्क्सचे वरकड मूल्य, म्हणजे कामगाराने मजुरीपलीकडे निर्माण केलेले आणि मालकाच्या खिशात जाणारे मूल्य, पडद्यावर कोणत्या बाजूने यावे, यावर प्रस्तुत लेखकाने केलेले चिंतन ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हावे इतके आहे. डावीकडून आणल्यास पक्षपाताचा आरोप, उजवीकडून आणल्यास मार्क्सचा अवमान, वरून टाकल्यास ईश्वरी हस्तक्षेपाचा भास; अखेर ते मधोमध गिरकी घेत प्रकटले, वर्ग हसला, आणि ते हसू आशयाला मिळालेली दाद होय, असे गृहीत धरण्यात आले.

प्रणालीला असले दाक्षिण्य नसते. चित्रफीत कुठवर पाहिली जाते याचा तिने काढलेला आलेख व्याख्यात्याच्या परिचयापाशीच कोसळतो, आणि जे टिकतात त्यांतले पुष्कळ जण दीडपट वेगाने उरकतात. एकाच जागी तो उसळी घेतो: वरकड मूल्याचा दर केवळ मजुरीवर, तर नफ्याचा दर यंत्रे व कच्चा माल धरून एकूण भांडवलावर काढतात, हे जेथे एका दमात, काहीही न उडवता सांगून टाकलेले असते, तेथे. वर्गात ‘सर, परत सांगा’ असे एकदा म्हणायलाही छाती लागते. मराठी माध्यमातून आलेल्या, मागच्या बाकावरच्या मुलीने ते चारदा कसे म्हणावे? येथे ती कोणाचेही तोंड न पाहता हवे तितक्यांदा मागे जाते, आणि तिच्यासाठी तेवढा भाग सावकाश पुन्हा चित्रित करणे हीच खरी सुधारणा ठरेल. वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही. रकाना आहे तो अपलोड केलेल्या चित्रफितींच्या संख्येचा, आणि त्यात प्रस्तुत लेखकाचा, हे नमूद करण्यास संकोच नसावा, विभागात पहिला क्रमांक आहे.