पाटीवरचा समुद्र

भूमध्य समुद्राच्या काठावर वीसेक देश आहेत. त्यांनी हजारो वर्षं चालवलेली भांडणं शिकागोच्या उपनगरातल्या एका स्ट्रिप मॉलमध्ये मिटली आहेत. एका बाजूला ड्रायक्लीनर, दुसऱ्या बाजूला नखं रंगवून देणारं दुकान, मध्ये पाटी: 'ग्रीक अँड मेडिटरेनियन'. भिंती निळ्या-पांढऱ्या, सँटोरिनीचा एक फोटो, छताला प्लॅस्टिकची द्राक्षं. मेनूत गायरो, शावर्मा, हम्मस, फलाफल, बकलावा. आणि तळाशी, घरचं कुणी रुसून बसू नये म्हणून, चीजबर्गर.

मालक ग्रीक असेलच असं नाही. पण 'अरब' लिहावं, तर 2025 पर्यंत विमानतळावर बूट काढायला लावणाऱ्या या देशात गिऱ्हाईक दारातूनच परततं. 'तुर्की' लिहावं तर ग्रीक चिडतो. समुद्राचं नाव लिहिलं की कुणाचीच हरकत नाही. हम्मस कुणाचं यावरून लेबनॉन आणि इस्रायलमध्ये केवढी जुंपली होती! 2010 साली लेबनॉनने विक्रमासाठी तब्बल 10,452 किलो हम्मस घोटलं. देशाचं क्षेत्रफळ 10,452 चौरस किलोमीटर म्हणून. इथे तेच हम्मस वाटीभर येतं, वर तेलाची धार, आणि त्याचं राष्ट्रीयत्व कुणी विचारत नाही.

बरं, ग्रीक म्हणून जे येतं ते तरी ग्रीक आहे का? अथेन्सच्या रस्त्यावर गायरो बहुतेक डुकराच्या मांसाचा, कापांची चळत रचून केलेला. इथला सुळका बीफ आणि लँबच्या खिम्याचा. ब्रेडचा चुरा नि मसाला घालून, कारखान्यात साच्यात दाबून, गोठवून आलेला. 1970 च्या दशकात हा कारखानदारी धंदा वाढला तो याच शिकागोत. तापलेल्या जाळीसमोर सुळका फिरत राहतो, बाहेरचा थर करपायला आला की सुरी वरून खाली उतरते आणि कुरकुरीत पापुद्रे पिता ब्रेडवर पडतात. चव फक्कड. तक्रार चवीबद्दल नाहीच.

मग ते पेटवलेलं चीज. वेटर टेबलाशी येऊन तव्यातल्या चीजवर ब्रँडी ओततो, काडी लावतो, "ओपा!" ओरडतो, पुढे बसलेले भुवया वाचवत मागे सरकतात, वर लिंबू पिळलं की आग विझते आणि फोन खाली येतात. हा थाट 1968 साली शिकागोतल्याच हॉल्स्टेड स्ट्रीटवरच्या 'पार्थेनॉन' रेस्टॉरंटात सुरू झाला असं मानतात. ग्रीसमध्ये तेच चीज निमूटपणे तळतात, लिंबाची फोड ठेवतात आणि आपापल्या कामाला लागतात.

पण शुद्धतेच्या पोलिसांनी लगेच शिट्टी फुंकू नये. खुद्द ग्रीसमध्ये काय झालं? 1920 च्या दशकात त्सेलेमेंटेस नावाच्या आचाऱ्याने ग्रीक स्वयंपाकातला तुर्की अंश पुसून काढायचं मनावर घेतलं आणि मुसाकावर फ्रेंच बेशामेल सॉसचा थर चढवला. म्हणजे तुर्क हाकलून फ्रेंच आणला, आणि पदार्थ अस्सल ग्रीक झाला. 1974 साली तुर्कस्तानने सायप्रसमध्ये फौजा उतरवल्या, तेव्हा ग्रीसमधली 'तुर्की कॉफी' 'ग्रीक कॉफी' होऊन बसली. भांडं तेच, गाळ तोच.

या समुद्राच्या आडोशाला कोलेस्टेरॉलही लपतं. अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1958 पासून सात देशांतल्या माणसांची हृदयं तपासली, त्यात क्रीट बेटाच्या शेतकऱ्यांची प्रकृती ठणठणीत निघाली. ते खात होते डाळी, रानभाज्या, पाव आणि ऑलिव्ह तेल, मांस क्वचितच. 2010 मध्ये युनेस्कोनेही या आहाराला वारशाचा मान दिला. त्या मानाचा फायदा कुणाला झाला? गायरोच्या जोडीला फ्राइज आणि मोठा कोक घेऊन, "डॉक्टरांनी मेडिटरेनियन खायला सांगितलंय" असं बायकोला ऐकवणाऱ्या सद्गृहस्थाला.

नेपरव्हिल-शॉमबर्ग या उपनगरांकडची मराठी मंडळीही इथे हमखास भेटतात. गायरोत बीफ असतं, म्हणून फलाफलवर भिस्त. भारतातून आलेल्या सासूबाई झात्झिकीची वाटी पुढे ओढतात, चमचाभर चाखतात आणि चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देतात, "अगं, ही तर काकडीची कोशिंबीर! दाण्याचं कूट घालायला विसरले वाटतं." सूनबाई "आई, हळू बोला ना" म्हणते, पण वाटीची किंमत काही सांगत नाही. घरात शांतता नको का?

आणि त्या सुळक्याशी सुरी घेऊन उभा आहे तो शिकागोत बऱ्याचदा मेक्सिकन. त्याला उपरा म्हणायची सोय नाही. लेबनॉनहून मेक्सिकोला गेलेल्या लोकांनी हा उभा फिरता सुळका तिकडे केव्हाच नेला, त्याचाच 'टाको अल पास्तोर' झाला. त्यामुळे मंगळवारी या दुकानात टाकोही मिळाला तर बिचकू नका. मेक्सिकोलाही समुद्रकिनारा आहेच की.