सनावळीचे सुभेदार

निवृत्तीनंतर मोकळा झालेला वेळ आणि वर्षानुवर्षे जमवलेली पिवळी कात्रणे यांच्या संयोगातून मध्यमवर्गीय महाराष्ट्रात जो हौशी विज्ञान-इतिहासकार जन्माला येतो, त्याला विज्ञानापेक्षा विज्ञानातील सन अधिक प्रिय असतात. वर्गात तीस वर्षे गुरुत्वाकर्षण शिकवताना न्यूटनच्या डोक्यावर त्याने स्वतःच बिनदिक्कत सफरचंद पाडलेले असते. परंतु विल्यम स्टकली या न्यूटनच्या स्नेह्याने 1752 साली लिहिलेल्या आठवणींत सफरचंद आहे आणि डोके मात्र नाही, हे वाचनात आल्यापासून त्याला जो पश्चात्ताप होतो, त्याचे प्रायश्चित्त तो इतरांकडून करवून घेतो.

ग्रंथ लिहिण्याचा संकल्प सुटताच तो साधनांची प्रतवारी शिकतो. घटनेच्या वेळचा मूळ कागद किंवा अवशेष ते प्राथमिक साधन आणि त्यावरून पुढे कोणी लिहिले-सांगितलेले ते दुय्यम, हा भेद इतिहासशास्त्रात उपयुक्त असला, तरी दूध उतू गेल्याची पत्नीने दिलेली वार्ता दुय्यम ठरवून ओटा पाहायला उठणे घरात कितपत चालते, याविषयी मतभेद आहेत.

या वृत्तीची खरी कसोटी विजयदुर्गावर लागते. तेथील ‘साहेबाचे ओटे’ दाखवून 1868 च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी याच जागी हेलियम शोधला, असे पर्यटकांना भक्तिभावाने सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की, 18 ऑगस्ट 1868 रोजी चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकले असता कडेला दिसणाऱ्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचे रंगवार विघटन, भारतात आलेल्या निरीक्षकांनी तपासला (फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन त्या वेळी गुंटूरला होते) आणि काहींना त्यात एक पिवळी रेषा आढळली. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्येच होते व 20 ऑक्टोबरला, ग्रहणावाचूनच, त्यांनी तशा ज्वाळांचा वर्णपट मिळवला. ती रेषा सोडियमची नव्हे, तर हेलियमची, हे पुढे स्पष्ट झाले आणि पृथ्वीवर हेलियम विल्यम रॅमसे यांच्या हाती लागायला 1895 साल उजाडले. ओटे खोटे नाहीत. लॉकियर विजयदुर्गाला खरोखरच आले, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. दंतकथेने माणूस बरोबर धरला, जागा बरोबर धरली आणि केवळ तीस वर्षांची चूक केली, हा हिशेब लोककथांच्या मानाने चोखच म्हणावा लागेल.

सनावळीच्या या हौशी सुभेदारांना मात्र ती तीस वर्षे सोसवत नाहीत. माहिती सांगणाऱ्या स्थानिक माणसाला मध्येच थांबवून, ओट्यावरच बैठक मारून ते वर्णपटापासून सुरुवात करतात आणि रॅमसेपर्यंत पोहोचेतो कुटुंबीय सोलकढीच्या शोधात गड उतरून गेलेले असतात. ऐकणारा एकटा तो स्थानिक माणूसच उरतो, तो शांतपणे सारे ऐकून घेतो आणि “म्हणजे साहेब आलेला, हे खरंच ना?” एवढेच विचारतो. होकार मिळताच त्याची कळी खुलते व तो पुढच्या गटाकडे वळतो.

चार पावले खाली उतरलेल्या सुभेदारांच्या कानी मग त्याचा खणखणीत आवाज पडतो की, हा साहेब या ओट्यावर दोनदा आला होता: एकदा हेलियम शोधायला आणि तीस वर्षांनी तो जागेवर आहे का ते पाहायला. सुभेदार परत फिरतात, थबकतात आणि खिशातून वही काढून ते वाक्य तारखेसह जसेच्या तसे टिपून घेतात; कारण दंतकथेच्या जन्माचे प्राथमिक साधन त्यांच्या हाती प्रथमच लागलेले असते.