आठांतला दुसरा

सह्याद्रीतले बहुतेक घाट मी ओलांडलेत. पाहिलेला मात्र एकही नाही. मला गाडी लागते. पहिलं वळण आलं की डोळे मिटायचे, तोंडात आवळासुपारी धरायची, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी तयार ठेवायची आणि ‘उतरला हो घाट’ असं बायको म्हणाली की मग कोकण बघायला लागायचं. या दुखण्याचा एक फायदा आहे. कुणाच्याही गाडीत मला पुढची सीट मिळते. भल्याभल्यांना मानाने मिळत नाही ती जागा मला पोटामुळे मिळते.

यंदा ती मिळाली अविनाशरावांच्या गाडीत. अविनाशराव माझे साडू. सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही दोन्ही जोडपी भर पावसाळ्यात गुहागरला निघालो होतो. गाडी परदेशी बनावटीची, उंच एसयूव्ही. ती ८८ लाखांची आहे हे सासुरवाडीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं, कारण कुणी न विचारताच अविनाशरावांनी ते सगळ्यांना सांगितलं होतं.

पुण्यापासून साताऱ्यापर्यंत ते ईएससीवर, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलवर, बोलले. चार चाकांपाशी चार सेन्सर, स्टिअरिंग किती वळलं ते बघणारा एक, गाडी स्वतःभोवती किती फिरतेय ते बघणारा आणखी एक. चालवणाऱ्याच्या मनात कुठे जायचंय आणि गाडी खरोखर कुठे चाललीय, हे सेकंदाला २५ वेळा ताडून पाहिलं जातं. तफावत दिसली की कुणाला न विचारता एकाच चाकाला ब्रेक लागतो. पुढची चाकं सरळ घसरू लागली तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला, मागची बाजू फिरू लागली तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला.

“आमच्याकडे हे काम ही करते,” मी मागे अंगठा दाखवून म्हणालो. मागून लगेच ब्रेक लागला.

या व्याख्यानातली एकच गोष्ट मला मनापासून आवडली. १९९५ साली बॉशने बनवलेली ही यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली तेव्हा ती बड्या लोकांची चैन होती. पुढे १९९७ साली स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाच्या लोकांनी, रस्त्यात अचानक एल्क आडवं आलं तर काय होईल ते बघायला, मर्सिडीजचीच नवी छोटी ए-क्लास वेगात डावी-उजवीकडे वळवली. ती उलटली. एल्क तिथे नव्हतंच. न आलेल्या जनावरापायी कंपनीला विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि छोट्या गाडीतही सरसकट ही यंत्रणा बसवावी लागली.

उंब्रजला महामार्ग सोडला. पाटण गेलं. वाटेत कोयना नदी लागली. चांगली आहे म्हणतात.

हेळवाकच्या अलीकडे पावसाने जोर धरला आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. एक चिमुकली मोटार आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. पाठोपाठ एबीएसचा दिवा, मग उतारावर गाडी आवरणाऱ्या यंत्रणेचा. पडद्यावर अक्षरं उमटली: स्टॅबिलिटी कंट्रोलमध्ये बिघाड, डीलरशी संपर्क साधा. डीलर पुण्याला. समोर कुंभार्ली घाट.

अविनाशरावांनी गाडी एका टपरीपाशी घेतली आणि कंपनीच्या मदतसेवेला फोन लावला. स्पीकरवरच.

“सर, आपण कोणत्या सिटीत आहात?”

“हेळवाक.”

“हेळवाक कोणत्या सिटीत येतं, सर?”

“कोणत्याच नाही हो! पाटण तालुक्यात येतं!”

“ओके सर. गाडी चालते आहे का?”

“चालते आहे. पण दिवा…”

“चालत असेल तर ती ब्रेकडाउनमध्ये बसत नाही, सर. आणखी काही मदत करू शकते का?”

चहा येईपर्यंत आतलं दुखणं बाहेर पडलं. दिवा आज पहिल्यांदा लागला नव्हता. वर्कशॉपवाल्यांनी आधी बॅटरी बदलली, कारण व्होल्टेज उतरलं की ही यंत्रणा आधी कुरकुरते. मग एका चाकाचा सेन्सर बदलला. मग ब्रेक-लाइटचा स्विच. मग ‘वायर उंदराने खाल्लीय का’ म्हणून दिवसभर गाडी उघडून ठेवली. आता ‘पूर्ण युनिटच बदलावं लागेल’ असं म्हणत होते, आणि त्याच्या अंदाजपत्रकात एक साधीसुधी नवी मोटारसायकल आली असती. या सगळ्यात गंमत अशी की गाडी वर्कशॉपच्या दारात शिरली की दिवा आपोआप विझायचा. “फॉल्ट दिसत नाही, सर.” बिल मात्र दिसायचं.

इथे माझं डोकं फिरलं. तीन दिवे लागले म्हणजे तीन बिघाड, असं नसतं. तिन्ही यंत्रणा त्याच चार सेन्सरांवर जगतात. एकाने मान टाकली की सगळ्या सुतकात. आणि तो कोणता, पुढचा की मागचा, डावा की उजवा, हे गाडीला पक्कं ठाऊक असतं. तिने ते सांकेतिक आकड्यांत पोटात लिहूनही ठेवलेलं असतं. पण ते ती वर्कशॉपच्या कॉम्प्युटरला सांगणार, मालकाला नाही. मालकाला फक्त पिवळा दिवा. सीटला गरम-गार हवा द्यायची अक्कल आहे, आणि ‘मागच्या उजव्या चाकाचा सेन्सर गेलाय’ एवढं वाक्य बोलायला पैसे पडतात?

रागाच्या भरात मी माहितीपुस्तिकेसाठी समोरचा खण उघडला. जाडजूड पुस्तिका निघाली, तिच्यात दुमडलेली एक पावती निघाली. वापरलेल्या गाड्यांच्या शोरूमची. रक्कम ३१ लाख. मी पावती होती तशी दुमडली आणि खण लावून टाकला.

टपरीवर चिपळूणला निघालेल्या यष्टीचे ड्रायव्हर चहा पीत होते. त्यांनी खिडकीतून डोकावून दिवा पाहिला.

“सायब, ब्रेक लागत्यात न्हवं?”

“लागतात. पण ईएससी बंद आहे.”

“आमच्या यष्टीला कुठं हाय? ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, तापत्यात. दुसरा टाका आन् निवांत उतरा.”

“गाडी ऑटोमॅटिक आहे हो. आठ गिअरची.”

“मग आठांतला दुसरा टाका की.”

सगळी टपरी हसली. मीही हसलो. अविनाशराव मात्र हसले नाहीत, आणि गाडीतही बसले नाहीत. कप हातात धरून ते घाटाच्या दिशेला बघत उभे राहिले.

“आमचे दादा याच घाटात उलटले होते,” ते म्हणाले. “जीपने. पावसाळाच होता. वाचले, पण उजवा हात गेला तो गेलाच. गाडी घ्यायची ठरवली तेव्हा मी सगळं वाचून काढलं. एकट्याने घसरून होणारे अपघात या यंत्रणेने कारमध्ये ३४ टक्के कमी होतात, एसयूव्हीत ५९ टक्के, असा अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याचा अंदाज आहे. उंच गाडी लवकर उलटते ना, म्हणून. मला त्या गाडीत दुसरं काही नको होतं, भाऊ. ते ५९ टक्के हवे होते.”

साताऱ्यापर्यंत ज्याला मी फुशारकी मारणारा समजत होतो, तो माणूस घाटाच्या पायरीशी येईपर्यंत स्वतःलाच धीर देत होता.

“चला,” मी म्हणालो. “तुम्ही रस्ता बघा. मी दिवा बघतो.”

लीव्हर बाजूला सरकवल्यावर आठांतला दुसरा खरोखरच मिळाला. इंजिन घों घों करू लागलं आणि गाडी ब्रेकशिवाय आपली आपण मंद उतरू लागली. मागे बायका रामरक्षा म्हणू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक घाट डोळे उघडे ठेवून उतरलो. धबधबे होते, दरीत ढग होते, माकडं होती, असं मागाहून कळलं. मी पाहिला तो फक्त पिवळा दिवा. दर वळणाला अविनाशराव विचारत, “आहे?” आणि मी सांगे, “आहे.” पोट ढवळायचं विसरूनच गेलं.

पोफळी मागे टाकून सपाटीला लागलो, एका ठिकाणी थांबून इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि तिन्ही दिवे गायब. गाडी जणू आत्ताच कारखान्यातून निघालेली.

“पुरावा गेला!” अविनाशराव ओरडले. दिवा लागल्यावर झाला नसेल इतका त्रास त्यांना तो विझल्यावर झाला.

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन घेतलं. समुद्र जागेवर होता.

पंगतीत आमचे मेहुणे माझ्या शेजारी बसले. ते वकील. सगळी हकीकत ऐकून त्यांचे डोळे चमकले.

“ग्राहक आयोगात खेचू त्यांना! मोजलेल्या किमतीवर ठरतं सगळं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. तुमची ८८ लाखांची, म्हणजे थेट राज्य आयोग. उद्या मसुदा करतो. फक्त पावती द्या.”

अविनाशरावांचा हात मोदकावर थबकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“पावती काही सापडली नाही,” मी म्हणालो. “मी खण उघडून पाहिला. नुसती माहितीपुस्तिका आहे.”

“जाऊ द्या हो,” अविनाशराव घाईघाईने म्हणाले. “अशा भारी गाड्यांना एखादा दिवा लागायचाच.”

पाटावर बसलेल्या सासूबाईंनी चष्मा वर केला. एक्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांनी दुकानदाराला कधी सुटे पैसेही सोडलेले नाहीत.

“अठ्ठ्याऐंशी लाख मोजले,” त्या म्हणाल्या, “आणि पावती नाही घेतलीत, जावईबापू?”