लाल नव्हे, बार्न रेड

न्यू जर्सीत जिथे जिथे मराठी वस्ती आहे, तिथे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे मेमोरियल डेला, एखादं तरी गॅरेज भल्या सकाळी उघडतं. आत मांडणीवर एका मापाच्या, झाकणवाल्या प्लॅस्टिकच्या पेट्या. प्रत्येकीवर छापील लेबल: ‘गणपती : मखर’, ‘दिवाळी : आकाशकंदील’, ‘हॅलोवीन : भोपळे (खोटे)’ आणि सगळ्यांत वर ‘चार जुलै : पोर्च’. ती उतरवायला शिडीवर चढलेत ते यजमान. शिडी न धरता खालून “जपून हं, आत काच आहे” असं बजावताहेत त्या सुरुचीताई. काळजी काचेची.

पाळण्यातलं नाव काहीही असो, मी त्यांना हेच नाव ठेवलंय, कारण त्या एकट्या नाहीत. अमेरिकेतल्या बहुतेक महाराष्ट्र मंडळांत त्या असतात आणि हटकून सजावट समितीवर असतात. माहेर डोंबिवली, शिक्षण बी.कॉम., वायटूकेच्या लाटेत नवऱ्याबरोबर आगमन, यथावकाश ग्रीन कार्ड, मग नागरिकत्व. नागरिकत्वाच्या तोंडी परीक्षेत तेव्हा दहापर्यंत प्रश्न विचारत; सहा बरोबर आले की अधिकारी थांबे. सुरुचीताई थांबल्या नाहीत. उरलेले चार कोणते होते ते विचारून घेऊन त्यांचीही उत्तरं त्यांनी देऊन टाकली.

अशा बाईने चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, घर सजवायचं म्हणजे खांबाला झेंडा खोचला आणि हॉटडॉग भाजले, एवढ्यावर भागत नाही.

पहिला प्रश्न रंगांचा. तुम्हाआम्हाला अमेरिकेचा झेंडा लाल-पांढरा-निळा दिसतो. ताईंना तो बार्न रेड, क्रीम आणि नेव्ही दिसतो. “लाल म्हणू नका हो,” त्या यजमानांना दुकानात चारचौघांदेखत सांगतात, “लाल तो डॉलर स्टोअरमधला.” बार्न रेड म्हणजे इथल्या जुन्या शेतकऱ्यांनी जवसाच्या तेलात लोखंडाचा गंज कालवून कोठारांना फासलेला रंग. स्वस्तात व्हायचा आणि लाकूड टिकायचं, म्हणून फासायचे. आता त्याच रंगाची लाकडी चांदणी, कडा मुद्दाम घासलेली, ताई चाळीस डॉलरला आणतात.

“अगं, हिचा रंग गेलाय,” यजमान म्हणतात.

“गेलेला नाही, घालवलाय. त्याचेच तर पैसे आहेत.”

ताईंचं सगळं शास्त्र या एका उत्तरात आहे. गरिबाघरची वस्तू श्रीमंती भावात घ्यायची. पोर्चवरच्या बाकाच्या उशांना बारीक निळ्या पट्ट्यांचं जे कापड आहे ते इथे टिकिंग म्हणून महागात विकतात. डोंबिवलीत त्याला गादीचं कापड म्हणतात. ताईंच्या आजीची गादी त्याच कापडाची होती, आणि पाहुणे जिना चढताना दिसले की “आधी चादर घाला रे!” असा ओरडा व्हायचा, कारण उघडी गादी दिसणं म्हणजे घराची शोभा. आता तीच शोभा दर्शनी भागात मांडलीय. मेसन जारचंही तेच. जॉन मेसनने १८५८ साली पेटंट घेतलेली ही आट्यांच्या झाकणाची साधी बरणी. इथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात हिवाळ्याची बेगमी केली. ताई तिच्यात पांढरी हायड्रेंजिया खोचतात. त्यांच्या आईने डाळी-साखरेसाठी जन्मभर जपलेल्या हॉर्लिक्सच्या बाटल्या डोंबिवलीचं घर विकताना भंगारात गेल्या, याची रुखरुख त्यांना अलीकडे लागली आहे.

सर्वांत नाजूक काम पताकांचं. दुकानातली पताका करकरीत कोरी असते. ताईंना ती कुणाच्या तरी माळ्यावर शंभर वर्षं पडून राहिल्यासारखी हवी. म्हणून मांजरपाट आणायचं, त्रिकोण कापायचे आणि चहात बुडवायचे. ही युक्ती ताईंची नव्हे; चहात मुरवलेल्या ‘अँटिक’ पताका इथे तयार मिळतात. ताईंची भर एवढीच की त्या भारतीय दुकानातली आसाम चहापूड वापरतात, कारण अमेरिकन टी-बॅगने “मेला रंगच चढत नाही.” एका वर्षी या पताका तळघरात वाळत असताना सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंच्या नजरेस पडल्या. मुलाच्या घरात इतकं कळकट कापड बघून त्या माउलीला राहवलं नाही. त्यांनी ब्लीच शोधून काढलं. संध्याकाळी ताई कामावरून आल्या तेव्हा शंभर वर्षांचा इतिहास धुऊन निघाला होता, पोर्चवर पांढऱ्याशुभ्र पताका फडफडत होत्या आणि सासूबाई म्हणत होत्या, “केवढा चहा सांडला होता गं! मला हाक नाही का मारायची?” ताई एक अक्षर बोलल्या नाहीत. रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा आधण ठेवलं.

झेंड्याच्या बाबतीत मात्र मी ताईंपुढे हात टेकतो. अमेरिकेची ध्वजसंहिता १९२३ साली निरनिराळ्या संघटनांनी एकत्र बसून लिहिली, १९४२ साली काँग्रेसने तिला कायद्याचं रूप दिलं, आणि ती अथपासून इतिपर्यंत वाचलेल्या मोजक्या नागरिकांत ताई असाव्यात. झेंड्याची झालर करू नये. झालरीला निराळं कापड घ्यावं, त्यात निळा वर, पांढरा मध्ये, लाल खाली. झेंडा भिंतीवर उभा टांगला तर चांदण्यांचा चौकोन बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. रात्री ठेवायचा तर त्यावर उजेड हवा. उशीवर भरू नये, वापरून फेकायच्या कागदी नॅपकिनवर छापू नये, कपडा म्हणून अंगात घालू नये. आणि हे मोडलं तर? काही नाही. संहितेत या कशालाच शिक्षा नाही. ताईंना ही ढिलाई झेपत नाही. त्या जिथे वाढल्या तिथे राष्ट्रध्वजाच्या अवमानाला १९७१च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि २००२पर्यंत सामान्य माणसाला घरावर बारमाही तिरंगा लावायची मुभाच नव्हती. चाळीतला झेंडा २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला चढायचा, दोरी ओढायचा मान ठरलेल्या काकांचा, पोरांच्या वाट्याला जिलबी. अशा शिस्तीत वाढलेल्या बाईने झेंडा छापलेल्या नॅपकिनला कुणी केचप पुसताना पाहिलं, की तिचा घास घशात अडकतो.

नियमाला धरून ताईंनी रात्रीचा दिवा लावला, तर घरमालकांच्या संघटनेचं पत्र आलं: दिवा प्रखर, झालर विनापरवानगी. ताईंनी उलटटपाली केंद्र सरकारचा कायदा जोडला. असल्या संघटनांना रहिवाशाचा झेंडा अडवता येत नाही, असं सांगणारा. संघटनेने कळवलं की तो कायदा झेंड्यापुरता आहे, झालरीला लागू नाही. ताईंना राग आला नाही. कायदा मुळातून वाचणारं गावात आणखी कुणी आहे, याचंच त्यांना अप्रूप वाटलं.

आणि बरोबर समोर राहतात नौदलातून निवृत्त झालेले आजोबा. त्यांच्या हिरवळीवर हवा भरलेला दोन पुरुष उंचीचा अंकल सॅम डुलतो. झुडपाझुडपात प्लॅस्टिकचे झेंडे. कठड्याला झालर, तीही उलटी, लाल वर. स्वतः आजोबा झेंड्याच्या हाफपँटमध्ये ग्रिलपुढे उभे. ताईंनी एकदा बनाना ब्रेड नेऊन, हवापाण्याच्या चार गोष्टी बोलून, निळा रंग वर असतो हे हळूच सुचवलं. आजोबा पोटभर हसले, तुम्ही शाळेत शिकवत असणार म्हणाले आणि त्यांच्या हातात बर्गर ठेवला. ताई बीफ खात नाहीत. देशाखातर पंधरा मिनिटं तो नुसता हातात धरून उभ्या राहिल्या. झालर अजून उलटीच आहे.

आजोबांना चुकायची भीती नाही, कारण तुम्ही मूळचे कुठले, हे त्यांना कुणी विचारत नाही. ताईंना किराणा दुकानातल्या रांगेतही विचारतात. याच ताईंकडे गणपतीत जाऊन बघा. मखराला सोनेरी झिरमिळ्या, दिव्यांची एक माळ पळणारी, एक लुकलुकणारी, मूर्तीच्या मागे गरगरणारं चक्र, कोपऱ्यात विजेचं कारंजं. क्रीम रंग औषधालाही नाही. गणपती घरचा आहे. त्याच्यापुढे चार दिवे जास्त झाले तर तो काही म्हणणार नाही, याची ताईंना खात्री. नव्या देशाबद्दल ती खात्री पासपोर्ट मिळून इतकी वर्षं झाली तरी वाटत नाही. सजावट कमी पडली तर लोक उपरे समजतील, जास्त झाली तर सोंग समजतील. म्हणून मग टिकिंग, म्हणून मांजरपाट.

वास्तविक चार जुलैचा सण कसा करायचा हे अमेरिकेच्या एका संस्थापकाने, जॉन अ‍ॅडम्सने, आधीच सांगून ठेवलंय. स्वातंत्र्याचा ठराव झाला २ जुलै १७७६ला. जाहीरनामा मंजूर झाला चारला. मधल्या दिवशी अ‍ॅडम्सने बायकोला पत्र लिहून कळवलं की, हा दिवस यापुढे मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा, शेकोट्या आणि रोषणाई यांनी खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दणक्यात साजरा व्हायला हवा. तारीख तेवढी त्याची चुकली, तो दोन जुलै धरून बसला होता. बाकी सगळं समोरच्या आजोबांच्या अंगणात जसंच्या तसं उतरलंय. बार्न रेडबद्दल पत्रात काही नाही.

चार तारखेच्या संध्याकाळी ताईंकडे मंडळी जमतात. श्रीखंडावर ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी असतात, पण झेंड्याच्या आकारात नाहीत, कारण “झेंड्यात चमचा कसा घालायचा?” एखाद्या उत्साही वहिनी हमखास तिरंगी ढोकळा घेऊन येतात, केशरी-पांढरा-हिरवा, १५ ऑगस्टचा सराव असलेला. ताई “अय्या, किती छान!” म्हणतात आणि तो आतल्या टेबलावर ठेवतात. अंधार पडला की फुलबाज्या. न्यू जर्सीने २०१७ साली त्यांना परवानगी दिल्यापासून इथली मराठी घरं दिवाळीच्या फुलबाज्या जुलैतच घेऊन ठेवतात, कारण दिवाळीत त्या दुकानात शोधूनही सापडत नाहीत. त्यामुळे अमेरिकेच्या वाट्याला प्रत्येकी एक येते, उरलेली खोकी सरळ ‘दिवाळी’ पेटीत.

तुम्हाला ताईंचं बोलावणं आलं तर अवश्य जा. श्रीखंड घरी टांगलेल्या चक्क्याचं असतं आणि सिट्रोनेलाच्या मेणबत्त्यांमुळे डास बेताचे असतात. फक्त उशांकडे बघून आजीच्या गादीची आठवण काढू नका, पताका धुऊन देऊ का असं विचारू नका, झेंड्याचा टी-शर्ट घालू नका आणि ढोकळा नेणार असाल तर पिवळा न्या. जोरात गाणी, भगभगीत दिवे आणि फटाके हवे असतील तर रस्ता ओलांडून समोर जा. आजोबा कुणालाही आत घेतात. बर्गर मात्र आधी विचारून घ्या.