त्र्याण्णव टक्के सर

जेवणानंतर डोळे मिटायला लागले की "चला, सगळे उभे राहा, शेजाऱ्याचे खांदे दाबा" म्हणणारे सर तुमच्याही कंपनीत येऊन गेले असतील. आमच्याकडे चाकणला ते मार्चमध्ये येतात. मार्चमध्येच, कारण ट्रेनिंगचं बजेट तेव्हा संपवायचं असतं आणि ऑडिटरला दाखवायला सह्यांचा कागद लागतो. तो कागद फिरवायचं काम माझ्याकडे. त्यामुळे सरांची सगळी सत्रं मला पाठ.

"संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के! आवाजाचा ३८, चेहऱ्याचा ५५! म्हणजे ९३ टक्के संवाद शब्दांविना!" एवढं सांगायला सर साडेनऊला तोंड उघडतात ते पाचला मिटतात. मध्ये डबेवाले येऊन जातात, मॅस्लोचा पिरॅमिड येतो (१९४३च्या मूळ लेखात तो नाहीच, पण असो), कागदाचे मनोरे होतात; पण गाडी फिरून ९३वर. लीडरशिप असो, टाइम मॅनेजमेंट असो, ९३. एकदा प्रोजेक्टर बंद पडला तर म्हणाले, "काही बिघडत नाही, स्लाइडवर शब्दच होते."

प्रेसशॉपच्या फोरमननी एकदा हात वर केला. "सर, आमच्याकडे कानात प्लग असतात. सगळं हातवाऱ्यांवरच चालतं. आमचे किती टक्के?" हॉल हसला. सर सगळ्यांत जास्त हसले आणि म्हणाले, "बघा, हेच मी सकाळपासून सांगतोय!" या माणसाला हरवता येत नाही.

मी प्रयत्न केला होता. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतले. प्रयोग सुट्या शब्दांवर केलेले, आणि प्रश्न एवढाच, की बोलणाऱ्याच्या मनातली आवड-नावड ऐकणारा कशावरून ओळखतो. भावना सोडून इतर बोलण्याला हे आकडे लागू नाहीत, असं मेहराबियन स्वतःच सांगत आले. हे सगळं मी चहाच्या वेळी सरांना ऐकवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमाने हसले आणि बिस्किट उचललं. शब्द एकही नाही. उत्तर पोचलं.

आता एक कबूल करायला हवं. सकाळी सर प्रत्येकाला जाड कागदाची घडी देतात: "ज्या नावाने हाक मारलेली आवडते ते लिहा." लाइनवर सगळे टोकन नंबरने ओळखले जातात. इथे कोणी 'अण्णा' लिहितो, कोणी 'बाळू'. सर दिवसभर त्याच नावाने बोलतात, आणि पुढच्या मार्चमध्ये गेटवर दिसले तरी त्याच नावाने हाक मारतात. आमच्या एका ऑपरेटरने ती घडी लॉकरच्या दाराला आतून चिकटवली आहे. त्याच्या वरिष्ठांना ते नाव अजून ठाऊक नाही.

गेल्या जूनमध्ये सर अकाउंट्सच्या दारात उभे दिसले. 'ठामपणे कसं मागावं' हे सत्र त्यांचंच. "सहज इकडून चाललो होतो," ते म्हणाले. चाकणच्या ट्रॅफिकमधून सहज कोणी जात नाही. मार्चचं बिल निघालं नव्हतं. साहेब सहीला नव्हते. "हरकत नाही, घाई नाही," सर म्हणाले, आणि चेहऱ्यावर घाई स्पष्ट दिसत होती. मेहराबियन यांचा आकडा बरोबर लागू पडावा, अशी त्यांच्या बाबतीत मी पाहिलेली ती एकच वेळ.

बिल शेवटी निघालं ते गणपतीनंतर. १० टक्के टीडीएस कापायला मात्र कोणी विसरलं नाही.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं, असा २००६चा कायदा आहे, आणि सरांच्या बिलावर उद्यम नोंदणीचा नंबर ठळक छापलेला असतो. वाचकांपैकी कोणी अकाउंट्समध्ये असेल, तर ट्रेमधली तळाची बिलं तेवढी वर काढा.