तितराला भोवळ आणण्याची सोपी पद्धत

स्पॅनिश भाषेत ‘मारेआर ला पेरदिस’ असा एक वाक्प्रचार आहे. शब्दशः, तितराला भोवळ आणणे. मुद्द्यावर यायचे सोडून बोलणे गोल गोल फिरवायचे आणि वेळ काढायचा, हा अर्थ. तितर एका दमात फार लांब उडत नाही. शिकारी मागेच लागला की चार उड्डाणांत दमतो आणि हाती सापडतो, त्यावरून हे आले म्हणतात.

हे शिकायला माद्रिदला जाऊ नये. तितर पाहायचा तर आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पाहावा आणि वाक्प्रचार शिकायचा तर सोलापुरातली नवी पेठ गाठावी.

साहित्य: एक कापडाचे दुकान, दोन चहा, चार महिने थकलेली उधारी. शिकणाऱ्याने देणेकऱ्याच्या भूमिकेत शिरावे. (मला शिरावे लागले नाही, मी होतोच.)

दुपारी तीनच्या सुमारास जावे. चपला सावकाश काढाव्यात. मालक ‘बसा की ओ’ म्हणतात. इथे नवखा माणूस ‘पैशाचं बघतो मालक’ असे बोलून बसतो आणि सगळा अभ्यास पाण्यात जातो. बरोबर उत्तर: ‘काय ऊन पडलंय!’ सोलापुरात हा विषय मार्च ते जून पुरतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेची गर्दी असते. उरलेल्या दिवसांत, नळाला पाणी किती दिवसांआड येते हे आहेच.

मालकही कच्चे नसतात. पैशाचा शब्द काढत नाहीत. ‘ती लाल वही दे रे, धूळ झटकतो,’ असे पोऱ्याला सांगतात. वही झटकतात, नेमके तुमचे पान उघडतात आणि त्यावर बोट ठेवून तुमच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करतात.

अशा वेळी घाबरू नये. चादरीचा विषय काढावा. मालकांना राहवत नाही. सोलापुरी चादर दोन्हीकडून वापरता येते, नक्षी तीच, फक्त रंगांची अदलाबदल. ते सुलटी दाखवतात, उलटी दाखवतात, पुन्हा सुलटी. तितर फिरू लागला!

आपल्याकडे ताकाला जाऊन भांडे लपवतात. इथे भांडी दोन्हीकडून लपवलेली असतात आणि दोघांनाही दिसत असतात. तितर कोण, एवढेच शेवटपर्यंत कळत नाही.

माझा धडा गेल्या मंगळवारी पूर्ण झाला. चहा त्यांनीच पाजला. येताना मी एक डबल चादर घेऊन आलो. तीही वहीत मांडली आहे.